मेथीची ओली पिशवी

त्याच्या पिशवीतल्या मेथीचं पाणी माझ्या नव्या ड्रेसवर ठिबकलं आणि आमची ओळख झाली. ओळख कसली, भांडणच!

"डोळे फुटले का हो?" नगरच्या लॅबमधल्या बाकावर मी ओरडले.

"सॉरी हां... रानातनं सरळ आलो." कोपराला कापूस दाबून, माझ्या हातातली चिठ्ठी बघत तो हसला. "तुमी पन रक्त पातळ करायची गोळी घेता?"

घेते. माझ्या हृदयातली झडप बदललेली, त्याच्या पायात रक्ताची गाठ झालेली. नाव बजरंग, कर्जतचा. मागच्या रिपोर्टात रक्त जास्तच पातळ निघालं म्हणून हा गडी दोन दिवस नुसती मेथी खाऊन आलेला!

"अक्कल गहाण ठेवली का? मेथीनं गोळीचा जोर उतरतो. खायची, पण दर आठवड्याला सारखीच! परत गाठ झाली म्हणजे?"

"तुमाला काय करायचंय?"

"मला? काहीच नाही!" म्हणाले, आणि रागारागात त्याचा नंबर घेतला.

मग दर महिन्याला तोच बाक. मी चिडायची, तो बघत बसायचा.

चिडू नको तर काय करू? कापलं तर रक्त थांबायचं नाही म्हणून घरी आई मला विळीला हात लावू देत नाही, स्कूटी बंद केली... आणि लग्नासाठी मात्र मी ठणठणीत! गेल्या रविवारी पारनेरला आमच्या घरी मला बघायला पाहुणे आले. आई म्हणाली, "निकिता ॲसिडिटीची गोळी घेते कधीमधी." मी तोंड उघडलं तर तिनं मागून दंडाला चिमटा काढला. मग मी सगळंच सांगून टाकलं. पाहुणे पोहे अर्धवट टाकून उठले.

लॅबमध्ये बजरंगला माझा काळानिळा दंड दिसला. "कुनी मारलं?"

"आईचा चिमटा, पाहुण्यांसमोर खरं बोलायला गेले म्हणून. या गोळीमुळं आपल्याला एवढ्यानंही होतं, माहितीये ना!" डोळे भरून आल्याचाही राग आला. "खोटं बोलून मला संसार नाही करायचा!"

तो पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिला.

"आमच्या घरी... गोळी लपवावी लागनार न्हाई. डबा एकच ठिवू. सांच्याला दोघांनी बरुबर घ्यायची."

माझं टाळकंच सरकलं. "हे आत्ता सांगतोस? पाहुण्यांना पोहे करून घातल्यावर?"

"भ्या वाटत हुतं. तुमी लई चिडता."

"चिडणारच! जन्मभर चिडणार!"

"चालंल की... पन दर आठवड्याला सारखंच चिडा."

हसू आवरेना मेलं.

"रविवारी आईसमोर येऊन बोल," मी म्हणाले. "आणि ती पिशवी आधी झटक!"