सत्ताविसावी हजेरी

गावाच्या मधोमध सरहद्द आखली गेली त्या दिवशी शाळेतली हजेरी सव्विसाव्या नंबरापर्यंतच झाली होती. पोरं आईबापांबरोबर पलीकडे गेली आणि शाळेचं पुढे संग्रहालय झालं. ते दोघी बहिणी सांभाळायच्या. आलेल्या पाहुण्यांना थोरली जुन्या बाकांवर बसवायची, नंबर वाटायची आणि तीच जुनी वही उघडून हजेरी घ्यायची. केस पिकलेली माणसं "हजर, बाई!" म्हणत हसायची, टाळ्या पिटायची. टाळ्या थोरलीला; झाडू, फडकं आणि दौती धुणं धाकटीला. तिचा नुसता जळफळाट व्हायचा. एका आईच्या पोटच्या दोघी, पण गळा तेवढा ताईच्या वाट्याला!

एका सकाळी थोरलीचा घसा बसला.

"मी घेते हजेरी," धाकटी म्हणाली. आनंद लपता लपेना.

थोरलीने वही दिली. "सव्विसावर थांब... सत्तावीस कधी घ्यायचा नाही."

"का गं?"

"त्या नंबराची मुलगी पलीकडे पोचलीच नाही... तिची हजेरी राहिलीय."

धाकटीला हसू आलं. आपली जागा राखायला ताई काय वाट्टेल ते सांगेल!

दुपारी तिने हजेरी घेतली. पाहुणे जांभया देत होते. सव्वीस नंबर झाले तरी टाळी नाही. ती चिडली आणि ठणकावून म्हणाली, "सत्तावीस!"

खोलीत ओल्या पाटीचा वास आला. मग शेवटच्या रिकाम्या बाकावरून...

"हजर, बाई."

गोड, खणखणीत आवाज. थोरलीचा. आणि थोरली तर दारात उभी होती, ओठ घट्ट मिटून.

पाहुण्यांना ती युक्ती वाटली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

थोरलीचा घसा पुढे सुटलाच नाही. डॉक्टर म्हणाले, घशात काहीच दोष नाही. हजेरी आता धाकटीकडे आली, ती रोज सत्ताविसापर्यंत घ्यायची, पण लोक कौतुक करत त्या मागच्या आवाजाचं. धाकटीच्या अंगाचा अजूनही तिळपापड व्हायचा. एकदा घाईत सत्तावीस राहून गेला, तर त्या संध्याकाळी थोरली दौत धुताना हळूच म्हणाली, "पाणी गार आहे." सत्तावीस घेतला नाही की आवाज परत येतो, हे दोघींना त्याच क्षणी कळलं.

दुसऱ्या दिवशी थोरली दारात हात जोडून उभी होती. धाकटीने सव्वीस नंबर घेतले. पाहुणे गप्पच. तिने ताईकडे पाहिलं, मग वहीत डोकं घातलं.

"सत्तावीस."

"हजर, बाई."

टाळ्या पडल्या. धाकटीने वर पाहिलं. आवाज आज शेवटच्या बाकावरून आला नव्हता. तो एक बाक पुढून आला होता.