नऊ बोटं

बसा. मोबाईल खिशात ठेवा. ज्याला भीती वाटते त्याने आत्ताच घरी जावं, नंतर सोबत मागू नये.

ही गोष्ट एका वेल्डरची. माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा. दारूला शिवत नाही, थापा मारत नाही. त्याने जेवढं सांगितलं तेवढंच सांगतो. पदरचा मीठमसाला घालायची मला सवय नाही.

दोन वर्षांमागचा डिसेंबर. नऊ तारीख, बुधवार.

दुपारी जेवण उरकून वेल्डर शेजारच्या घरी गेला. तिथे एक शिवणवाली राहायची. तिच्या मशीनचं पायडल मधोमध तुटलं होतं, ते न्यायला गेला. ती जमिनीवर बसून कापड कापत होती आणि तिची आठ महिन्यांची पोर कात्रणांच्या ढिगात लोळत होती.

"दादा, नुसतं जोडून द्या," ती म्हणाली. "देखणं नको. पायाखालीच तर राहायचंय त्याला."

"माझं काम मला शिकवू नकोस."

"बरं बाबा, चुकलं. तुम्ही वहिनींची औषधं आणायला जाणार ना आज? त्यांच्या जेवणाची काळजी करू नका. मी देते."

वेल्डरने पायडल उलटसुलट करून पाहिलं. डावी बाजू झिजलेली होती, पण बाहेरची कड नव्यासारखी. शिवणवालीला डाव्या पायाची करंगळी नव्हती. लहानपणी विळ्यावर गेली होती. ती स्वतःच हसून सांगायची, "नऊ बोटांची शिंपीण आणि दहा बोटांचं काम."

आता शेजार कसा होता ते ऐका. वेल्डरची बायको पडली आणि तिचं मांडीचं हाड मोडलं. महिनोन् महिने खाटेवर. वेल्डर दिवसभर कामावर. तेव्हा या शिवणवालीने तिला दोन्ही वेळ भरवलं, तिची वेणी घातली, तिचं सगळं केलं. सांगावं लागलं नाही. ताट घेऊन रस्त्याने वळसा घालून यायची. शेवटी वेल्डरने दोन्ही स्वयंपाकघरांमधली भिंत हातभर फोडली आणि तिथे लोखंडी झडप बसवली. बायकोचा खाटेवरून हात पोचेल अशी, ताट इकडून तिकडे जाईल एवढी. पोर जाईल एवढी म्हणा.

पण घाईत एक चूक केली. माप आपल्या बाजूने घेतलं आणि कडी आपल्याच बाजूला जोडून बसला. तिच्या बाजूला नुसता सपाट पत्रा. तिला बंद करता येईना की उघडता येईना.

"वा! भोक माझ्या भिंतीला आणि कडी तुमच्या हातात," ती म्हणाली.

वेल्डर ओशाळला. "उद्या बदलतो."

"राहू द्या. तुमच्यापासून काय लपवायचंय मला?"

ते राहिलं ते राहिलंच.

तिचा नवरा ट्रक ड्रायव्हर. पंधरा-पंधरा दिवस बाहेर. आला की पिऊन आणि प्यायला की बायकोवर हात. त्याला त्या झडपेचा राग होता. "माझ्या घरातलं अन्न भोकातून वाहून चाललंय," म्हणायचा. एकदा आरडाओरडा ऐकून वेल्डर मध्ये पडायला गेला. ड्रायव्हरने चाकं खोलायचा पाना उचलला. "तुझी लुळी बायको सांभाळ आधी." गल्लीतले सगळे दारात उभे होते. नवरा-बायकोच्या भांडणात कोण पडतो? सगळ्यांनी दारं लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी वेल्डर तिला म्हणाला, "हात उगारला की झडप वाजव. दोनदा. मी उठतो."

"तुमची झोप मोडेल हो दादा."

तिने कधी वाजवली नाही.

तर त्या बुधवारी वेल्डरने पायडल जोडलं. बिडाचं लोखंड हट्टी असतं. आधी तापवावं लागतं, मग सावकाश गार करावं लागतं. त्याने तसं केलं. पायडल तेव्हाच नेऊन देता आलं असतं. पण त्याच्या मनात आलं, हिने माझ्या घरासाठी एवढं केलं, निदान हे तरी देखणं करून द्यावं. त्याने काळा ऑइलपेंट काढला आणि दोन हात दिले. पायडल घराला लागूनच्या वर्कशॉपच्या टेबलावर वाळत ठेवलं, शटर ओढलं, कुलूप घातलं आणि औषधं आणायला मोठ्या गावी गेला.

परत यायला रात्रीचे दहा झाले. शेजारी अंधार होता. ड्रायव्हरचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा दिसला. वेल्डरच्या कपाळाला आठी पडली. पण आवाज नव्हता. झोपले असतील.

बायको जागी होती. खाटेशेजारी रिकामी वाटी.

"जेवलीस?"

"हो. दिवेलागणीला दिलं तिने. अहो, पण सगळंच दिलं की काय कोण जाणे. एवढं कशाला म्हटलं, तर म्हणाली, मला भूक नाही."

"मग?"

"मग तो आला वाटतं. भांडं आपटल्याचा आवाज आला. 'माझ्यासाठी काय ठेवलंस?' असं ओरडला. मग एकदा काहीतरी धप्पदिशी पडलं. मग काहीच नाही."

"काहीच नाही?"

"पोर रडत होती मघापर्यंत. मी हाका मारल्या, पण मला उठता येतं का?"

वेल्डर झडपेपाशी गेला. कान लावला. घोरण्याचा आवाज येत होता. पुरुषाचा. उगीच दार ठोठावलं आणि तो उठला तर मार तीच खाणार. सकाळी पाहू, असं म्हणून तो तिथेच, स्वयंपाकघरात आडवा झाला.

दीडच्या सुमाराला झडप वाजली.

टक... टक.

तो ताडकन उठला. कडी काढली. पलीकडे काळोख. काळोखातून दोन हात पुढे आले. हातांत दुपट्यात गुंडाळलेली पोर.

"दादा, धरा."

आवाज तिचाच. हळू. जड.

त्याने पोर घेतली. घेताना तिच्या बोटांना बोटं लागली. दिवसभर पाण्यात ठेवलेल्या लोखंडासारखी गार.

"तू पण ये पुढच्या दाराने," तो म्हणाला. "मी येतो घ्यायला."

"कडी लावा."

"अगं, पण तू..."

"कडी लावा, दादा."

तेवढ्यात पलीकडे खाट करकरली. "कुठे गेलं कार्टं? तुलाही तिच्याकडे पोचवतो, थांब..."

हे ऐका नीट. *तिच्याकडे पोचवतो,* म्हणाला.

आणि झडपेतून एक डावा हात आत आला. केसाळ, दंडापर्यंत. त्याने दुपटं पकडलं. पोर किंचाळली. वेल्डरने पोर छातीशी धरली आणि दुसऱ्या हाताने झडप लोटली. अंगातलं सगळं बळ लावून. दंडावर. हाड मोडलेलं ऐकू आलं. वाळलेली फांदी मोडावी तसं. ड्रायव्हर बैलासारखा ओरडला. हात मागे गेला. वेल्डरने कडी घातली.

मग पाना पडू लागला झडपेवर.

धाड. धाड.

पत्रा आत येऊ लागला. एकेक पोचा ताटाएवढा. भिंतीची माती गळत होती. बायको खाटेवरून ओरडत होती, "अहो, पोर माझ्याकडे द्या!" त्याने पोर तिच्या कुशीत दिली. कोपऱ्यातली पहार उचलली. कडी हलत होती. ती पलीकडच्या बाजूला असती तर एका झटक्यात उघडली असती.

धाड.

धाड.

...

थांबलं.

एकदम. पाना खाली पडल्याचा आवाज आला. आणि ड्रायव्हर बोलला. पोरासारखा, बारीक आवाजात.

"तू... तू तर..."

पुढे नाही.

मग वेल्डरच्या पाठीमागे आवाज सुरू झाला. पलीकडे नाही. त्याच्या स्वतःच्या घरात. मधल्या दाराच्या मागे, कुलूपबंद वर्कशॉपमध्ये.

खट-खट. खट-खट.

हळू. मग जोरात. टेबलावर लोखंड झुलत होतं.

आणि त्याच तालावर भिंतीपलीकडे मशीन चालू झालं.

ड्रायव्हर ओरडत होता. शब्द नव्हते. नुसतं ओरडणं. खट-खट-खट-खट. वेल्डरने मागे वळून पाहिलं नाही. बायकोने पोरीचे कान झाकले. पोर मात्र रडायची थांबली होती. मशीनच्या आवाजावरच ती रोज झोपायची.

मग सगळं शांत.

...

वेल्डर पहार घेऊन बाहेर पडला. यावेळी गल्लीतली दारं उघडली. समोरचा न्हावी बॅटरी घेऊन आला, त्याच्यामागे आणखी दोघे. चौघांनी मिळून दार फोडलं.

न्हाव्याने बॅटरी मारली आणि तिथेच ओकला.

ड्रायव्हर मशीनसमोर गुडघ्यांवर होता. जिवंत. डावा हात लोंबत होता. उजवा मशीनच्या सुईखाली. जाड चादरीवर शिवलेला. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत, आणि परत. सरळ टीप. बारीक. कुठे तिरकी गेली नव्हती. सुई अजून मधल्या बोटात होती.

काय रे? काय म्हणालास? हाताने चाक फिरवलं असेल? असेल. कोणी फिरवलं? त्याचा उजवा हात सुईखाली. डावा मोडलेला. आणि मशीनच्या खाली, जिथे पायडल असतं, तिथे रिकामी जागा. आता बोल.

शिवणवाली आतल्या खोलीत खाटेखाली होती. डोकं फुटलेलं. रक्त वाळून काळं पडलं होतं. अंग लाकडासारखं ताठ. डॉक्टर म्हणाला, दिवेलागणीलाच गेली. शेजारणीला जेवण देऊन झडप लोटली आणि त्यानंतर घडलं. भांडं रिकामं होतं, एवढंच कारण.

तिला उचलायला वेल्डर वाकला. पाय धरले. हात चिकटले. त्याला वाटलं, रक्त. बॅटरीच्या उजेडात पाहिलं. रक्त नव्हतं. तिच्या तळव्यांना काळं काहीतरी लागलं होतं. ओलं. वासावरून त्याने ओळखलं.

ड्रायव्हर आत आहे. जन्मभर राहील. पोर वेल्डरच्या घरी आहे. त्याची बायको आता काठी धरून चालते आणि पोर तिच्या काठीला धरून चालते. गल्लीतले लोक आळीपाळीने पोरीला कपडे आणतात, दूध आणतात. आता आणतात. झडपेची कडी वेल्डरने काढलेली नाही.

मशीन त्याच्या घरी आहे. पायडल अजून टेबलावरच आहे. त्या पहाटे त्याने शटरचं कुलूप स्वतः उघडलं. कुलूप जसंच्या तसं होतं. पायडलच्या काळ्या रंगात दोन पावलं उमटली होती. अनवाणी, शेजारी शेजारी. उजव्याची पाच बोटं.

डाव्याची चार.

मी पाहिलंय. हात लावून पाहिलंय. बाकीचं पायडल वाळून खडखडीत झालंय.

पावलांमधला रंग अजून ओला आहे.