एकसष्ट नंबरचा पाय

"भगवंतराव, आधी फाटक लावा, मग वर या! कोणाला बाहेर सोडू नका."

डॉक्टर किशोर गावंडे वरच्या खिडकीतून ओरडले, तेव्हा भगवंतराव फाटकाशी ऊन खात बसले होते. डिसेंबरातली सोमवारची सकाळ. अमरावतीच्या त्या लहान मुलांच्या हाडांच्या दवाखान्यात मोर्शी, वलगावकडच्या आया पोरांना कडेवर घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावर फाटक लावणं भगवंतरावांच्यानं झालं नाही. त्यांनी नुसती कडी अडकवली आणि जिना चढले.

भगवंतराव अकोट ठाण्यातून जमादार म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीच्या शेवटच्या सात वर्षांत त्यांनी चोर थोडे धरले, मयतांचे पंचनामेच जास्त लिहिले. कधी कोणाच्या शेतात, कधी कोणाच्या गोठ्यात. घरची माणसं भिंतीला टेकून बसलेली असत आणि हे लिहीत असत. निवृत्त झाल्यावर पोराटोरांच्या गलक्यात बसावं म्हणून त्यांनी इथली चौकीदारी धरली.

संशोधनाच्या खोलीत डॉक्टर उघड्या कपाटासमोर उभे होते. शेजारी पौर्णिमा होती. गावोगाव फिरून मुलांची पाहणी करणारी सव्वीस वर्षांची मुलगी. तिचा चेहरा उतरला होता.

"काय गेलं, साहेब?"

"एकसष्ट नंबरचे ठसे. सहाच्या सहा."

पाऊल आत वळलेली मुलं जन्मतात. या दवाखान्यात त्यांचे पाय प्लास्टर घालून सरळ करत, मग लोखंडी पट्टीला जोडलेले बूट देत. ते बूट रोज रात्री घालून झोपायचे. पाय पुन्हा वळतो की सरळ राहतो, याचा अभ्यास डॉक्टर गेली तीन वर्षं करत होते. दर चार महिन्यांनी पौर्णिमा मुलाच्या घरी जाई, तळव्याला शाई लावून कागदावर ठसा घेई, वजन करी, आईला प्रश्न विचारून फॉर्म भरी.

"बाकीच्या मुलांचे ठसे?"

"जागच्या जागी."

"एकसष्ट म्हणजे कोण?"

"माहेनूर. अकोटची. उजवं पाऊल वाकडं होतं. आमच्या अभ्यासातला सगळ्यात सुंदर निकाल, भगवंतराव. दोन्ही पावलं अगदी सारखी झाली. परवा मुंबईहून तज्ज्ञ येताहेत, त्यांना हेच ठसे दाखवायचे होते. मुलीलाही बोलावणार होतो. शुक्रवारीच सगळ्यांना तसं सांगितलं."

"आता?"

"आता काय! ठसे पूर्ण नसले की मूल मोजणीतून बाद. तसा नियमच आहे."

भगवंतरावांनी कपाट पाहिलं. कुलूप फोडलेलं नव्हतं. एकसष्टच्या फाईलमधले ठसे तेवढे गेले होते, पण तिची नाडी नीट गाठ मारून बांधलेली. पाहणीचे फॉर्म आतच होते.

"किल्ली?"

"एक माझ्याजवळ. दुसरी त्या खिळ्याला, कॅलेंडरमागे. सगळ्यांना माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. मग आवाज उतरवून, "मला विचाराल तर हे कुर्बानचं काम. आठ दिवसांपूर्वी याच मुलीचे ठसे मागत होता. मी रागावलो. तोही अकोटचाच. उद्या संध्याकाळपर्यंत कागद आले नाहीत तर मी पोलिसात तक्रार देणार, आणि त्याला कामावरून काढणार."

पौर्णिमानं ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

कुर्बान खालच्या खोलीत बूट करी. एकोणीस वर्षांपासून. आत गेलं की कातड्याचा आणि सरसाचा वास येई.

"या जमादार, या. हातकडी आनली काय?"

"तुह्या मनगटाच्या मापाची सापडली नाही," भगवंतराव स्टुलावर बसले. "कुर्बानभाई, ठसे कायले मांगत होता?"

कुर्बाननं हातातला बूट खाली ठेवला. "साहेबानं नाव घेतलं ना माह्यं? मले वाटलंच. जमादार, त्या कागदाले माहा हात लागला असंन तर हे दोन्ही हात झडतीन."

"ते ठीक हाये. पन कायले मांगत होता?"

कुर्बाननं फळीवरून एक वही काढली. तिच्यात अक्षर कमी, आकडे आणि पावलांचे आकारच जास्त. "तीनशे पोरांच्या वर बूट केले म्या. वाकडा पाय सरळ होते, पोरगं धावाले लागते, समदं खरं. पन तो पाय दुसऱ्याच्या मानानं जरासा लहानच राह्यते. पोटरी बी बारीक राह्यते. मले दोन बूट कधी एका मापाचे करा लागत नाहीत. आता हे पाहा, एकसष्ट."

पहिल्या तीन जोड्यांत उजवा बूट डाव्यापेक्षा दोन सुतं लहान होता. नंतरच्या तीन जोड्यांत दोन्ही बूट एका मापाचे.

"पहिले तीन मापं म्या सोता घेतले. पोरगी इथी येत होती. बाकीचे पौर्णिमाताईनं गावाहून लिहून आनले."

"साहेब म्हनतात, इलाज चांगला लागू पडला."

"अल्ला करो, तसंच असो. पन मले ते पाय वळखू येत नाहीत, जमादार. म्हनून म्हनलं ठसे दाखवा. साहेब म्हने, तू चामड्याचं पाहा." त्यानं वही परत फळीवर ठेवली. "घरी बायकोले अजून सांगतलं नाही. पोलीस म्हनलं की हमिदा जेवनार नाही."

दुपारी भगवंतरावांनी पौर्णिमाला गाठलं.

"शनिवारी शेवटी कोण गेलं, बेटा?"

"कुर्बानकाका असतील. मी पाचला निघाले."

"आणि रविवारी?"

"घरीच होते, काका. मोर्शीला."

"एकसष्टचे फॉर्म पाहू का?"

तिनं ते दिले. भगवंतराव चष्मा लावून सावकाश वाचत बसले. बाकीच्या मुलांच्या फॉर्मवर नुसत्या खुणा होत्या. एकसष्टच्या शेवटच्या तीन फॉर्मवर मात्र समास भरून लिहिलेलं. 'बूट घालून झोपते. झोपेत हसते. उठल्यावर आधी चिमण्यांना दाणे टाकते.'

"वजनाची जागा कोरी आहे. तिन्ही वेळा."

"काटा बिघडला होता."

त्यांनी मान हलवली. मग अकोटच्या दुसऱ्या मुलांच्या फाईली मागून घेतल्या. त्याच तीन तारखा. सगळ्यांची वजनं लिहिलेली होती.

मंगळवारी सकाळी सहाच्या गाडीनं भगवंतराव अकोटला निघाले. खांद्याला दवाखान्याची निळी पिशवी होती. अंजनगावच्या पुढे कंडक्टर शेजारी येऊन टेकला.

"त्या दवाखान्याचे काय तुमी? तुमची ताई परवाच गेली अकोटले. अशीच पिशवी."

"परवा? रविवारी?"

"हो ना. गेली तवा ठीक होती. माघारी येताना खिडकीकडं तोंड करून रडत होती बिचारी. म्या तिकिटाचं इचारलंच नाही दोन टेसनं."

खिडकीबाहेर कपाशीची पऱ्हाटी उभी होती. अकोट आलं तशा कापसाच्या जिनिंग गिरण्यांच्या चिमण्या दिसू लागल्या. दोनातून धूर निघत होता, बाकीच्या थंड.

माहेनूरचं घर जिनाच्या मागच्या वस्तीत होतं. तिची आई गजाला दारात रजई शिवत बसली होती. नवरा फरदीन जिनात हमाल होता. जिन बंद पडलं तसा तो सुरतेला गेला. भगवंतराव पायरीशी पोचतात तोच शेजारच्या घरातून चारेक वर्षांची एक मुलगी धावत आली. निळी पिशवी पाहून तिनं चप्पल काढली आणि ओट्यावर बसून पाय पुढं केला.

"पाय काळा कराचा काय?" तिनं विचारलं.

गजालाची सुई थांबली.

"आज नाही, बाई," भगवंतराव म्हणाले. मुलगी हिरमुसून गेली.

"बसा चाचा. पौर्णिमाबाई नाही आल्या?"

"नाही. माहेनूर कुठी हाये?"

"नानीकडं," ती खाली बघत म्हणाली.

आतल्या फळीवर सहा जोड बूट लहानमोठे क्रमानं मांडलेले होते. भगवंतराव न विचारता आत गेले आणि त्यांनी एकेक बूट हातात घेतला. पहिल्या तीन जोड्यांच्या आत बोटांचे खळगे पडले होते. कातडं मऊ झालं होतं. पुढच्या तीन जोड्या कडक. बंदाच्या भोकांतून दोरीही नीट ओवलेली नव्हती.

ते बाहेर येऊन तिच्यासमोर बसले. घर त्यांना ओळखीचं वाटत होतं. असली घरं त्यांनी फार पाहिली होती.

"बेटी, अमरावतीले कुर्बान म्हनून एक मानूस हाये. त्यानंच हे बूट केले. आज संध्याकाळी त्याच्यावर चोरीचा आळ येनार हाये. मी तुले घाबरवाले नाही आलो. पन तुह्याशिवाय त्याले कोनी वाचवू शकत नाही."

गजालानं सुई रजईत खोचली. मग उठली, कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीचं झाकण उघडलं.

चार वाजता भगवंतराव परत आले. डॉक्टरांच्या खोलीत कुर्बान भिंतीशी उभा होता. पौर्णिमा खुर्चीच्या काठावर बसली होती.

"सापडले?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीन सापडले. आणले नाहीत. बाकीचे तीन बहुतेक जाळले."

"कोणी?"

"सांगतो, साहेब. चोरी सरळ आहे. चोराला किल्लीची जागा माहीत, आणि कागदांबद्दल त्याच्या मनात राग नव्हता. असता तर फाईलची नाडी बांधली नसती. कुर्बानभाईला कागद पाहायचे होते. पाहायचे म्हणून मागणारा माणूस ते नाहीसे कशाला करील? ते कोणी पाहू नयेत अशी इच्छा दुसऱ्याच कोणाची होती."

भगवंतरावांनी भिंतीशी उभ्या कुर्बानकडे बोट केलं.

"कुर्बानभाईची वही सांगते की पहिल्या तीन मापांतला पाय आणि नंतरचा पाय एका मुलीचा नाही. तुम्ही म्हणता सुंदर निकाल. तो म्हणतो, असा पाय त्यानं एकोणीस वर्षांत पाहिला नाही. मग फॉर्म. एकाच दिवशी, एकाच गावात काटा फक्त एका घरी बिघडतो, तोही तीनदा. अकोटला शेजारची मुलगी माझी पिशवी पाहून तळवा पुढं करते. तिचा पाय आपल्या अभ्यासात नाही. तिला ही सवय कशी लागली? आणि घरात सहा जोड बूट आहेत. त्यातल्या तीन जोड्यांत कोणाचा पायच गेला नाही."

डॉक्टर हळूच खाली बसले. "म्हणजे माहेनूर..."

"सव्वा वर्षापूर्वी वारली, साहेब."

पौर्णिमानं तोंड झाकून घेतलं नाही. ती सरळ डॉक्टरांकडे पाहत म्हणाली, "मीच नेले, सर. चौथ्या पाहणीला गेले तेव्हा मला तिथंच कळलं. नव्या बुटांचं माप घ्यायचं होतं. गजालाताईनं जुने बूट घेतले, पुसले, फळीवर ठेवले. मी फॉर्मवर 'बाद' लिहायला लागले तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, 'नाव काटू नका बाई. माह्या पोरीचं इचाराले दुसरं कोन येते?' मग मी सगळे प्रश्न विचारले. झोपते का. बूट घालते का. तिनं सगळ्यांची उत्तरं दिली."

"आणि ठसा?"

"शेजारच्या मुलीचा. ठसा नसता तर बूट मिळाले नसते, आणि तुम्ही नाव काटलं असतं. पाऊल उसनं घेतलं. वजन मात्र दुसऱ्या लेकराचं तिच्या नावावर लिहायला हात धजला नाही. पाय लहान राहतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही. शुक्रवारी तुम्ही तिला बोलावतो म्हणालात. मग वाटलं, ठसे गेले तर ती गुपचूप मोजणीतून निघून जाईल. खोटंही निघून जाईल. खरे तीन मी तिच्या आईला नेऊन दिले."

"आणि कुर्बानभाई?" भगवंतरावांनी विचारलं.

तिची मान आता खाली गेली. "काल बोलायला हवं होतं. दोनदा खाली गेले. काका काम करत होते. परत आले."

"तेच वाईट केलंस, बेटा. बाकीचं मी समजू शकतो."

डॉक्टरांनी एकसष्टची फाईल उघडली. "तू घेतलेला प्रत्येक ठसा आता पुन्हा घ्यावा लागेल," ते म्हणाले. "मोजणीत उरलेली बेचाळीस घरं. उद्या पाहुण्यांना मी काय आहे ते सांगेन. तू उद्यापासून येऊ नकोस, पौर्णिमा."

"हो, सर."

ते कुर्बानकडे वळले. "कुर्बानभाई, माझं चुकलं. तुम्ही सांगत होता, मी ऐकलं नाही."

"चुकलं ना? बरं," कुर्बान म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीसारखाच रोखठोक होता. "आता मले जाऊ द्या. खाली एक पोरगं बुटासाठी बसून राह्यलं सकाळपासून."

तो गेला. पौर्णिमा उठली, तेव्हा डॉक्टरांनी तिला थांबवलं.

"कशानं गेली?"

तिनं चमकून पाहिलं. सव्वा वर्षात हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

"तापानं. भाद्रपदात. तीन दिवस. नदीला पूर होता, गाडी निघाली नाही."

डॉक्टरांनी एकसष्टचा फॉर्म ओढला, तारीख विचारली. तिनं न थांबता सांगितली. ती त्यांनी लिहिली.

संध्याकाळी दवाखाना रिकामा झाला. डॉक्टर फाटकाशी आले आणि गाडीत बसायचं सोडून तसेच उभे राहिले.

"भगवंतराव, परवा अकोटला जायचं आहे. गाडी किती वाजता असते?"

"सकाळी सहाची आहे, साहेब."

"तुम्ही चला सोबत," डॉक्टर म्हणाले. "मला घर माहीत नाही."