चौथी थाप

ही गोष्ट घडलेली आहे. ज्याला पटत नसेल त्याने दारव्हा रोडवरचा तो म्युझिक क्लब एकदा बघून यावा. क्लबचं नाव लिहीत नाही. मालकाची फुकट जाहिरात कशाला करायची?

पंधरा डिसेंबर, रविवार. सकाळचे सात वाजले होते.

फोन ममताच्या मोबाइलवर आला. आणि तो मोबाइल होता तिच्या नवऱ्याच्या, राजदीपच्या खिशात.

साडीला खिसा नसतो. कार्यक्रमाला गेलं की तिचा फोन तोच सांभाळायचा. आदल्या रात्री तो तिला क्लबवर सोडून रागारागात दारव्ह्याला निघून आला, तेव्हा फोनही सोबत आला.

पलीकडे क्लबचा मॅनेजर बाबुलाल होता.

"राजदीपभाऊ, ताई उठून नाही राह्यल्या. तुम्ही या."

"उठून नाही राह्यली म्हणजे?"

मागे कुणीतरी रडत होतं...

फोन कट झाला.

ममता भीमगीतं गायची, राजदीप ढोलकी वाजवायचा. अकरा वर्षं दोघांनी गावोगावी जयंतीचे कार्यक्रम केले. त्यांची एक पद्धत होती. राजदीप ढोलकीवर तीन थापा द्यायचा आणि चौथीच्या जागी ममता गाणं उचलायची. एक-दोन-तीन, आणि तिचा आवाज. घरातसुद्धा तेच. ती स्वयंपाकघरातून ओट्यावर तीनदा हात आपटायची, की हा ओळखायचा, जेवण झालंय. तो दारावर चौथी थाप देऊन आत जायचा.

तो क्लब म्हणजे जुनं जिनिंग. जिथे कापसातली सरकी काढायचे, तिथे आता चार मोठे हॉल. एकात डीजे, एकात गझल, एकात कराओके, एकात ऑर्केस्ट्रा. प्रत्येक हॉलची मनगटावरची पट्टी वेगळ्या रंगाची. स्वस्तातल्या पट्टीवाला महागाच्या हॉलमध्ये घुसू नये म्हणून मधली सगळी दारं बाहेरून कडी लावून ठेवायची, हा बाबुलालचा नियम. मागे कलाकारांना बसायला एक खोली होती. तिचं दार पत्र्याचं. तिलाही कडी.

त्या शनिवारी बाबुलाल म्हणाला, "ढोलकी नको. ताई ट्रॅकवर गातील. ढोलकी गावात चालते."

ममता खाली बघत म्हणाली, "एक दिवस ऐका न त्यांचं. दहा वाजता तर नंबर आहे माहा."

"तू गा. मी बाहेर बसतो, गावातला माणूस," राजदीप म्हणाला.

तिच्याशी तो शेवटचं बोलला ते हे.

बाहेर तो गाडीच्या टाकीवर टेकून बसला. शेजारी वॉचमन भावसिंग बिडी ओढत होता. मागच्या बाजूला जनरेटर धडधडत होता. डीजेने जमीन हलत होती. आणि त्या आवाजाच्या आतून राजदीपला एक ठेका ऐकू आला.

एक-दोन-तीन... आणि काही नाही.

एक-दोन-तीन... आणि काही नाही.

राजदीपच्या डोक्यात तिडीक गेली. आपल्याला नको म्हणाले आणि दुसरा ढोलकीवाला आणून बसवला?

"ऐकून राह्यला का भावसिंग? चौथी खाते लेकाचा," तो म्हणाला. "असा माणूस आणला यायनं."

भावसिंग हसला. राजदीप दोन बोटांनी टाकीवर तोच ठेका धरत होता. त्याची चूक दाखवायला. मग ठेका ढिला पडला. मग थांबला.

"दमला वाटते," राजदीप म्हणाला, आणि गाडीला किक मारून निघून गेला.

दहाला ममता स्टेजवर आली नाही. बाबुलाल नंतर म्हणाला, त्याला वाटलं, नवऱ्यामागे रुसून गेली. घरी राजदीपला वाटलं, ऑर्केस्ट्रा पार्टीच्या गाडीने येईल. जनरेटरचा धूर रात्रभर वरच्या झरोक्यातून मागच्या खोलीत, ममता बसली होती तिथे, जात राहिला. कुणी कडी काढली नाही.

सकाळी राजदीपने तिचा हात हातात घेतला. उजवा तळहात सुजून काळानिळा झाला होता.

तेव्हा त्याला कळलं की चौथी कुणी खात नव्हतं. ती तीन थापा देऊन त्याची वाट बघत होती.

पंचनाम्यात लिहिलं, दार उघडं होतं. बाई झोपेत धुराने गेल्या. तळहाताबद्दल एक अक्षर नाही. मालक भेटलासुद्धा नाही. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्याने मोठा हार पाठवला. राजदीपने तो रस्त्यावर फेकला.

तीन महिन्यांनी क्लब परत सुरू झाला. नवा रंग, नव्या पट्ट्या.

पंधरा मार्चला, शनिवारी, राजदीपने पट्टी बांधली आणि आत गेला. त्याला भांडण नको होतं. बाबुलालच्या तोंडून एकच वाक्य पाहिजे होतं, कडी लावलेली होती.

"काय भाऊ, तेच तेच," बाबुलाल म्हणाला. "कडी उघडीच होती. पंचनाम्यात आहे न."

"मंग तिचा हात कायनं सुजला?"

"मले काय माहीत? आज गर्दी आहे. उद्या बोलू."

तो वळला. आणि तेवढ्यात...

एक-दोन-तीन.

राजदीपने आवाजाकडे वळून पाहिलं.

आवाज गझलच्या हॉलमधून आला. तबलजीचा हात चौथ्या मात्रेवर हवेत थांबला होता. तो स्वतःच आपल्या हाताकडे बघत होता.

मग कराओकेतून. गाणारा पोरगा गप्प झाला होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. तीन टाळ्या... खंड. तीन टाळ्या... खंड. लोक हसत होते. त्यांना मजा वाटत होती.

मग डीजे. मग ऑर्केस्ट्रा. चारही हॉल एकाच ठेक्यावर.

राजदीपला ते हसणं सहन झालं नाही. त्याच रात्रीसारखं. आत माणूस मरतंय आणि बाहेर लोक ताल धरताहेत.

"टाळ्या बंद करा!" तो ओरडला. कुणाला ऐकू गेलं नाही.

तो धावत मागे गेला आणि मेन स्विच खाली ओढला.

अंधार. गाणी बंद. टाळ्या बंद.

ठेका चालूच होता...

आता सगळ्यांना नीट ऐकू येत होतं. ती ढोलकी नव्हती. पत्र्यावर हात आपटत होता.

भावसिंग टॉर्च घेऊन आला. मागे बाबुलाल. त्या खोलीच्या दाराची कडी लागलेली होती.

"मी नाही लावली आज," भावसिंग म्हणाला. "आईची आण. या खोलीकडे मी येतच नाही."

आतून, एक-दोन-तीन.

पत्रा हलला. बाबुलाल मागे सरकला आणि दाराकडे बघतच बोलला, हळू आवाजात, लहान पोराची समजूत काढावी तसा.

"ताई, म्हटलं होतं न... दहा वाजता काढतो कडी. गर्दीत राहून गेलं."

भावसिंगने ते ऐकलं. राजदीपने ऐकलं.

पुन्हा एक-दोन-तीन.

राजदीपने दारावर तळहात टेकवला. पत्रा गरम होता. त्याने हात उचलला आणि चौथी थाप दिली.

आतला आवाज थांबला.

मग कुणीतरी श्वास घेतला. लांब, छाती भरून. गाणं उचलायच्या आधी ममता घ्यायची तसा.

राजदीप वाट बघत राहिला...

आवाज आला नाही.

त्याने कडी काढली. खोलीत छतापर्यंत खुर्च्या रचलेल्या होत्या, अगदी दाराला टेकून. माणूस उभा राहील एवढी जागा नव्हती. जनरेटर तिथून हलवून दोन महिने झाले होते. तरी डिझेलचा वास नाकात बसला.

दुसऱ्या दिवशी बाबुलाल म्हणाला, मी असं काही बोललोच नाही. भावसिंग काम सोडून घाटंजीकडे आपल्या तांड्यावर गेला. त्याचा फोन बंद आहे. ठाण्यात राजदीपला सांगितलं, "भाऊ, भुताचा जबाब आम्ही कसा लिहू?"

"भुताचा नका लिहू. बाबुलालचा लिहा," राजदीप म्हणाला.

तो अजून चकरा मारतो. संध्याकाळी ओट्यावर काही पडलं तरी दचकतो, आणि उगाच पुढच्या दोन थापांची वाट बघतो.

क्लब दर शनिवारी चालू असतो.

दार बाहेरून बंद होतं, ही एक ओळ अजून कुठल्याही कागदावर लिहिलेली नाही.