पाडव्याला ताबा

ऋचा झेरॉक्सच्या दुकानातून धावतच बाहेर आली, आणि थबकली. तिच्या स्कूटरवर एक अनोळखी माणूस बसला होता.

आणि बसला होता तोही कसा, तर अगदी निवांत! मांडीवर बॅग, हातात हेल्मेट, चेहऱ्यावर बसस्टॉपवर बसल्याचा भाव. पलीकडच्या वळणावर गाड्या उचलून नेणारा टेम्पो कोथरूडच्या गर्दीत नाहीसा होत होता.

"अहो, ही माझी गाडी आहे!"

"असणारच," तो उतरत म्हणाला. "किल्लीसुद्धा तुम्ही तिच्याचकडे सांभाळायला दिलीय."

ऋचानं पाहिलं, किल्ली खरंच गाडीला लटकत होती.

"टेम्पोवाली पोरं उचलायला आली होती. बसलेल्या माणसासकट उचलत नाहीत, म्हणून बसलो. त्यांनी विचारलं, गाडी तुमची का? म्हटलं... घरच्यांची आहे."

"घरच्यांची?"

"पटकन दुसरं काही सुचलं नाही." त्यानं समोरच्या पार्किंगच्या पाटीकडे बोट दाखवलं. "आज विषम तारीख. ही बाजू समची. तारखांचं आणि तुमचं फारसं पटत नाही वाटतं?"

हे मात्र ऋचाला झोंबलं. तिचं पोटच तारखांवर होतं! "थँक्यू" एवढंच कोरडं म्हणून तिनं गाडी समोरच्या बाजूला नेऊन लावली आणि ऑफिसचा जिना चढली. मागे पाहायचं नाही असं ठरवलं होतं. जिन्याच्या वळणावर मात्र... एकदा पाहिलंच. तो कुणाला तरी पत्ता विचारत होता.

थोड्याच वेळात तो तिच्या टेबलासमोर उभा होता.

"हे आमोद," रावसाहेब म्हणाले. "सॉफ्टवेअर कंपनीकडून आलेत. तुमची ती तक्रार बघायला."

रावसाहेब म्हणजे ऋचाचे साहेब. कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीच्या जागी ते नव्या इमारती बांधत होते. तिथली कुटुंबं सध्या ठिकठिकाणी भाड्यानं राहत होती आणि त्यांना शब्द दिला होता, येत्या गुढीपाडव्याला ताबा. कामाचं सगळं वेळापत्रक एका सॉफ्टवेअरमध्ये होतं. ते वेळापत्रक बनवणारा सुखदेव नोकरी सोडून दुबईला गेला आणि ते ऋचाच्या गळ्यात पडलं.

"काय होतंय नेमकं?" आमोदनं खुर्ची ओढली.

"काहीच होत नाही, हाच तर प्रॉब्लेम आहे. पावसामुळे स्लॅब लांबला. मी त्याची तारीख पुढे सरकवली, पण पुढचं एकही काम जागचं हललं नाही. ताबा आहे तिथेच, पाडव्याला! आणि हे बघा, शेवटचा स्लॅब घालायच्या आधीच यानं लिफ्ट बसवून टाकलीय."

"हवेत?"

"हवेत!"

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा जास्त बारीक व्हायचा. ऋचानं ते पाहिलं, आणि आपण पाहिलं म्हणून स्वतःवरच वैतागली.

"या कामावर क्लिक करा," तो म्हणाला. "आता त्याची माहिती उघडा."

ऋचाला सवयच झाली होती. कॉम्प्युटरचं काही अडलं की जो येईल तो "सरका जरा" म्हणायचा आणि तिच्या हातातला माउस ओढून घ्यायचा. मग खडाखड काहीतरी करून निघून जायचा. हा मात्र हात मागे बांधून बसला होता! सांगत होता, थांबत होता, आणि ती चुकली तरी "राहू दे, तेही बघू" म्हणत होता.

"दिसलं? इथे तारीख खिळ्यानं ठोकून ठेवलीय. सुखदेवांनी प्रत्येक कामाला हातानं तारीख घातली. मग सॉफ्टवेअर म्हणतं, साहेबांनी सांगितलंय ना, मी कशाला हलवू? तारखा काढून टाका. त्याऐवजी कुठलं काम कुणानंतर येतं ते सांगा. एक लांबलं की पुढची आपोआप सरकतील."

"सगळ्यांचं सांगायचं? केवढी कामं आहेत!"

"मग मला रोज यावं लागेल," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "काय करणार... नाइलाज आहे."

तो रोज आला. खडकीहून मोटरसायकलवर यायचा, वाटेत परतीच्या पावसात सापडायचा आणि दारातच केसांतलं पाणी निपटायचा. ऋचा टॉवेल आणून ठेवायला लागली. "ऑफिसचाच आहे," असं तिनं न विचारताच सांगितलं. त्यावर कोपऱ्यात गुलाबी फुलं होती. त्याचा डावा डोळा बारीक झाला.

दुपारी तिच्या डब्यातले दडपे पोहे अर्धे व्हायचे. पोहे खाता खाता एकदा तो स्क्रीनकडे पाहून थांबला.

"स्लॅबवर पाणी मारायचं काम निम्म्या दिवसांवर का आलं?"

"दुसरा माणूस लावला ना. साईनाथच म्हणाले." साईनाथ म्हणजे साइटवरचे सुपरवायझर.

"म्हणून सॉफ्टवेअरला वाटलं, माणसं दुप्पट म्हणजे काम निम्म्या वेळात! आता दहा माणसं लावा, स्लॅब संध्याकाळपर्यंत पक्का."

ऋचाला असं हसू फुटलं की पोह्यांचा ठसका लागला. त्यानं पाण्याची बाटली पुढे केली. बोटाला बोट लागलं... आणि दोघंही एकदम स्क्रीनकडे फार लक्षपूर्वक पाहायला लागले.

खरे दिवस किती लागतात हे विचारायला ते साइटवर गेले. साईनाथांनी सगळं समजावून दिलं. मजूर दिवाळीला आणि होळीला गावी जातात, तेव्हा काम बंदच असतं, हेही सांगितलं. सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरमध्ये यातली एकही सुट्टी नव्हती. तेवढ्यात पावसाची सर आली. दोघं अर्धवट जिन्याखाली उभे राहिले. ओल्या सिमेंटचा वास, पत्र्यावर पावसाचा आवाज.

"तुम्ही हे काम कसं शिकलात?" तिनं विचारलं.

"कामाचं माहीत नाही, पण शिस्त आईकडून आली. ती दारूगोळ्याच्या कारखान्यात होती, पॅकिंगला. आता रिटायर झालीय. ती म्हणते, पेटीवर चुकीचं लेबल लावलं तर स्फोट आपल्या हातात होत नाही. दुसऱ्याच्या हातात होतो."

ऋचा त्याच्याकडे पाहत राहिली. पाऊस थांबल्याचं तिच्या लक्षातच आलं नाही. त्याच्या आलं असावं, पण तोही हलला नाही.

शेवटी राहिला तो रंगांचा रकाना. प्रत्येक कामापुढे एक गोल दिवा होता. काम वेळेत असेल तर हिरवा, लांबलं असेल तर लाल. सुखदेवनं तो रावसाहेबांसाठी खास बनवून घेतला होता आणि पहिल्या दिवसापासून सगळे दिवे हिरवेगार होते.

"याचं सूत्र उघडा," आमोद म्हणाला.

ऋचानं उघडलं, वाचलं, पुन्हा वाचलं. "आमोद... यात लाल नाहीच आहे."

"नाहीच. काहीही झालं तरी हिरवा!"

तिनं सूत्र स्वतः नव्यानं लिहिलं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा एंटर दाबलं आणि रकानाभर लाल दिवे लागले. सगळ्यात खाली ताब्याची नवी तारीख उमटली. पाडवा नव्हे, त्याच्याही पुढची दिवाळी.



"सॉफ्टवेअर दुरुस्त झालं," ऋचा हळूच म्हणाली. "आता माझं काय होणार?"

रावसाहेबांनी ती तारीख पाहिली आणि दार लावून घेतलं. "रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. एवढी मीटिंग पार पडू दे, मग बघू. आमोद, तेवढे दिवे हिरवे करून द्या. हवं तसं बदलून मिळतं म्हणूनच घेतलंय ना हे?"

"करता येतं, सर," आमोद म्हणाला. "पण फाइल मॅडमची आहे. त्या म्हणतील तसं."

ऋचाला त्याचा भयंकर राग आला. सरळ नाही म्हणायचं ना! माझ्यावर कशाला ढकललं? आणि मग तिचं लक्ष टेबलावरच्या माउसकडे गेलं. तो तिच्याच हाताखाली होता, नेहमीसारखा. यानं तो कधीच ओढून घेतला नव्हता. आत्ताही नाही.

"नको," ती म्हणाली. "दिवे आहेत तसेच राहतील, सर. लोकांनी भाड्याच्या घरांचे करार पाडव्यापर्यंतचेच केलेत. त्यांना आत्ता सांगितलं नाही तर तेव्हा ते रस्त्यावर येतील."

रावसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "मग रविवारी लोकांसमोर तुम्हीच उभ्या राहा. आणि तिथे गोंधळ झाला, तर सोमवारी ऑफिसला यायची गरज नाही."

रविवारी शाळेचा हॉल गच्च भरला होता. ऋचानं प्रोजेक्टरनं भिंतीवर लाल दिवे दाखवले आणि एका दमात सांगून टाकलं, "पाडव्याला ताबा मिळणार नाही. दिलेली तारीख चुकीची होती."

हॉलमध्ये एकच गलका झाला. पहिल्या रांगेतले दीनानाथ उठले. रिटायर्ड गणिताचे मास्तर, सध्या सदाशिव पेठेत दोन खोल्यांत राहत होते.

"तसं बघायला गेलं तर तुमची चूक नाही," ते म्हणाले. "पाडवा कुठल्या सालचा, हे आम्हीच विचारलं नव्हतं."

लोक हसले, पण ते हसू बोचरं होतं. मागून हेमाताई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज मात्र खरोखर दुखावलेला होता. "माझी मुलगी यंदा अकरावीला आहे, पुढच्या वर्षी बारावी. वर्षात तीन घरं बदलली आम्ही. आणखी किती वेळा सामान बांधायचं, ते तरी नीट सांगा."

ऋचानं शेवटच्या रांगेकडे पाहिलं. आमोद भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे धावला नाही, खुणा केल्या नाहीत. नुसता तिच्याकडे पाहत होता, हिला जमणार आहे अशा खात्रीनं.

आणि तिला सुचलं.

"एक मिनिट थांबा. आपण दोन्ही इमारती बरोबरीनं चढवतोय. सगळे मजूर आधी पुढच्या इमारतीवर लावले तर?" तिनं सगळ्यांसमोर कामांचा क्रम बदलायला सुरुवात केली. एकेक दिवा जागचा हलत गेला. या वेळी काहीही खिळ्यानं ठोकलेलं नव्हतं. "ही बघा... पुढची इमारत गणपतीत तयार होते. मागची दिवाळीलाच. ज्यांच्या घरी परीक्षा आहे, आजारपण आहे, त्यांना आधी पुढच्या इमारतीत राहायला जागा देता येईल. बाकीच्यांनी करार आत्ताच वाढवून घ्या. दर महिन्याला मी हीच भिंत तुम्हाला दाखवीन. लाल असेल तर लालच."

दीनानाथांनी भिंतीवरच्या तारखा बोटांवर मोजून पाहिल्या. मग मागे वळून म्हणाले, "तारीख पुढे गेली हे बिल्डरकडून तारखेच्या आधी कळलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय. या मुलीला बसायला खुर्ची द्या रे."

टाळ्या पहिल्यांदा हेमाताईंनी वाजवल्या. हॉल रिकामा होताना रावसाहेब ऋचाजवळ आले. "सोमवारी या," म्हणाले. दोन पावलं जाऊन पुन्हा वळले. "वेळेवर या."

काम संपलं होतं. तक्रार मिटली असं कंपनीला कळवायचं, की आमोदचं येणं बंद. ऋचानं कळवलंच नाही. आधी तिला छपाईत अडचण आली, मग एक ओळ सरळ दिसेना. आमोद दर वेळी आला, दर वेळी दोन मिनिटांत काम संपलं आणि दर वेळी दुपार संपेपर्यंत थांबला.

शुक्रवारी तो आला तेव्हा ऑफिस जवळजवळ रिकामं होतं. खिडकीबाहेर बुचाची फुलं पडत होती.

"आज काय बिघडलंय?"

"अक्षरं... लहान दिसतायत."

त्यानं स्क्रीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ऋचा, अक्षरं मोठी करायला मी खडकीहून आलोय."

"मग येऊ नका."

"यायचंय. पण आमचे साहेब विचारतात, एका तक्रारीला इतके दिवस का? त्यांना काय कारण सांगू?"

ऋचानं माउसवरचा हात काढून घेतला. आता धरायला काहीच नव्हतं.

"सांगा की... कस्टमरला तुम्ही आवडता."

आमोदकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. आज तो नुसतं "आलोच" म्हणाला, आणि खोलीबाहेर निघून गेला!

ऋचा दगडासारखी बसून राहिली. जिन्यावरून त्याचा हलका आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. तिनं स्वतःला पोटभर शिव्या घातल्या. पर्स उचलली. तेवढ्यात तो दारात आला, कानापर्यंत लाल झालेला.

"आईला फोन करत होतो. म्हटलं, जेवायला आज एकजण जास्त आहे."

"मला न विचारता?"

"आता विचारतो. आणि त्याआधी जे सांगायला पाहिजे होतं, ते राहिलंच." त्यानं श्वास घेतला. "त्या टेम्पोवाल्या पोरांनी विचारलं, गाडी कुणाची... तेव्हा तू झेरॉक्सच्या दुकानात पुढच्या माणसाशी भांडत होतीस, रांग मोडली म्हणून. गाडी लावताना तुला पाहिलं होतं, बाहेरून ऐकत होतो. मला तू तेव्हापासून आवडतेस, ऋचा."

'तू' ऐकून ऋचाला एकदम हसायला आणि रडायला आलं. तिनं दोन्ही थोपवलं.

"भाजी काय केलीय आईंनी?"

तो घुटमळला. "...शेपू."

"अरे देवा!"

"नाही आवडत? मग दुसरं काहीतरी... मी पुन्हा फोन करतो..."

"राहू दे." ऋचानं त्याच्या हातातला फोन काढून त्याच्याच खिशात ठेवला, आणि आपला हात त्याच्या हातात दिला. "आज शेपूसुद्धा खाईन."