माळढोकाच्या अंड्याला ओ

सूर्यावर वादळ झालं, तर सोलापूरकडच्या माळरानावरल्या एका अंड्याला आईचा आवाज का ऐकू येऊ नये?

सन २०७१ मधल्या एका सकाळी कस्तुरीला हे कोडं पडलं. सुट्टीत ती पाखरशाळेत (निराधार पाखरं वाढवणाऱ्या केंद्रात) मदतीला आली होती. तिथल्या उबवणपेटीत माळढोकाचं एकच अंडं होतं. माळढोकाची मादी बहुधा एका वेळी एकच अंडं घालते, आणि या अंड्याची आई परवा विजेच्या तारेला धडकून मेली होती. पहाटेपासून अंड्याच्या आतून ‘चिर्र, चिर्र’ असा बारीक आवाज येत होता. आता तो थांबत थांबत येऊ लागला होता.

“हाक मारतंय ते,” आबा म्हणाले. पाखरशाळा त्यांचीच; डॉ. अंकुश वाघमोडे हे त्यांचं नाव, पण सगळा माळ त्यांना आबा म्हणे. “आईनं ओ दिली की पिल्लाला जोर येतो आणि ते कवच फोडतं. ओ आली नाही, तर दमून गप्प होतं.”

“मग आईचा आवाज लावा ना! तुमच्याकडे कितीतरी आहेत.”

“आहेत. पण सगळे आभाळकोठीत.” आभाळकोठी (दूरच्या मोठ्या संगणकांत ठेवलेली आपली माहिती) उपग्रहांमार्फत उघडायची. कालच्या सौरवादळाने (सूर्याकडून आलेल्या विद्युतभारित कणांच्या लोटाने) उपग्रह मुके झाले होते. कोडं सुटलं होतं, पण अंड्याची अडचण तशीच होती.

“कोठीत नसलेला एकही आवाज नाही?”

आबांनी उठून कपाटातून एक जुना स्मार्टफोन काढला. कॉलेजात असताना त्यांनी त्यात एका मादीची हाक टिपली होती. फोन बिनतारी चार्जरवर चार्ज झाला, सुरूही झाला. पण पडद्याचा उजवा अर्धा भाग काळाठिक्कर होता आणि स्पीकर तर केव्हाच गेला होता.

“भंगार,” ठकी म्हणाली. ठकी म्हणजे पाखरांना दाणापाणी घालणारा यंत्रमानव.

“तुझ्या पोटात माझा दुसरा जुना फोनच आहे, ठके. जपून बोल,” आबा म्हणाले.

उबवणपेटीचा संगणकही जुनाच, पण त्याचा स्पीकर पेटीच्या आत होता, अगदी अंड्याजवळ. कस्तुरी म्हणाली, “फोनमधला आवाज संगणकात नेऊ. वायर कुठंय?”

“वायरीचं भोक गंजलंय. पूर्वी मी फोटो फोनमधून संगणकात न्यायला स्वतःलाच मेल करायचो. मीच पाठवणारा, मीच घेणारा.”

“आणि उत्तर कोण द्यायचं?”

“उत्तर कसलं? जाहिराती यायच्या. पण फोन आणि संगणक शेजारी असले की त्यांना ना वायर लागते ना आभाळ. त्यांच्यात ब्लूटूथ असतं (जवळच्या यंत्रांना आपसांत बोलता यावं म्हणून वापरलेल्या रेडिओलहरी). आधी फोन ‘मी इथे आहे’ अशी आरोळी देतो. संगणकाला शोधायला सांग.”

कस्तुरीने ‘शोधा’वर टिचकी मारली. पडद्यावर नाव आलं, ‘आबांचा फोन’. तिने घाईघाईने ते निवडलं. सहा आकड्यांची एक संख्या आली आणि खाली प्रश्न आला, ‘जुळते का?’ तिने ‘होय’ दाबलं.

“दाणे संपले! पाणी भरा!” उबवणपेटीतून ठकीचा खणखणीत आवाज आला.

अंडं एकदम गप्प झालं.

“अगं, बंद कर!” आबा ओरडले. कस्तुरीने जोडणी तोडली. यादीत खाली आणखी एक ‘आबांचा फोन’ होता. ठकीच्या पोटातल्या आणि हातातल्या, दोन्ही फोनना आबांनी एकच नाव देऊन ठेवलं होतं.

“ठके, तू होय का म्हणालीस?”

“मला विचारलं. मी सगळ्यांना होयच म्हणते.”

“आणि तू गं?” आबा कस्तुरीकडे वळले. “दारात कुणी उभं राहून ‘मी तुझा मामा’ म्हणालं, की लगेच पाटावर बसवतेस? आधी खूण पटवायची असते. ती संख्या म्हणजे खूण. दोन्ही यंत्रं एकमेकांना काही आकडे पाठवतात आणि त्यांचं गणित करून आपापल्या पडद्यावर उत्तर दाखवतात. मध्ये तिसरा घुसला असेल, तर उत्तरं जुळत नाहीत. म्हणून माणसानं दोन्हीकडे बघायचं आणि दोन्हीकडे होय म्हणायचं.”

कस्तुरीने दुसरं नाव निवडलं. संगणकावर आलं ४७१९०३. फोनवर दिसलं ४७१, पुढे काळोख. ‘होय’चं बटणही त्या काळोखातच होतं.

“अर्धी खूण पटली. चालेल?”

“अर्ध्या खुणेवर कुणाला घरात घेत नाहीत. आणि बटणाचं काय?”

बघता बघता वेळ संपली, संख्या पुसली गेली. पुन्हा शोधलं. नवी संख्या आली, तीही अर्धीच. पेटीतून काहीच ऐकू येत नव्हतं. आबा खुर्चीत बसले. “राहू दे पोरी. झालं तेवढं केलं आपण.”

“राहू दे कसं? ते गप्प झालंय आबा, मेलेलं नाहीये.”

तिने पुन्हा शोधलं. काळ्या भागात काही पुसट दिसतंय का, हे बघायला तिने फोन उजेडाकडे आडवा केला. पडद्यावरची चौकट गर्रकन फिरली. आता काळा भाग खाली गेला होता आणि वर सहाच्या सहा आकडे स्वच्छ दिसत होते!

“हा फिरतो!”

“फिरणारच. आडवा धरून सिनेमे बघायचो आम्ही.”

“मग आधी सांगायचं नाही का!”

“विसरलो गं. किती वर्षं झाली त्याला.”

“संगणकावर काय आलंय? मोठ्यानं वाचा!”

“आठ दोन सहा... पाच पाच एक.”

“जुळलं!” पण बटण खालच्या काळोखात होतं. कस्तुरीने फोन उलट्या बाजूला आडवा केला. काळोख वर गेला, बटण खाली उजेडात आलं. तिने ते दाबलं. आबांनी संगणकावरचं दाबलं.

फोनने विचारलं, माझा पडदा आणि आवाज संगणकाला देऊ का? पुन्हा होय. आणि संगणकावर फोनचा पूर्ण पडदा उमटला, काळ्या भागासकट लख्ख. फोनची काच मेली होती, आतलं सगळं शाबूत होतं. आता त्या बारीक पडद्याशी झटापट करायची गरज नव्हती. कस्तुरीने कीबोर्डवर ‘माळढोक’ असं टाइप केलं, सापडलेल्या नावावर माउस नेला आणि वाजवलं.

पेटीतून एक हळू, घोगरी हाक आली. अंडं गप्पच.

पुन्हा वाजवलं. काही नाही.

“दमलं असेल,” आबा पुटपुटले.

“मी नाही दमले,” कस्तुरी म्हणाली आणि वाजवत राहिली. ठकीसुद्धा चाकं न वाजवता उभी होती.

‘चिर्र.’

मग कवचावर केसाएवढी रेघ उठली.

दुपारी ओलं, लटपटतं पिल्लू पेटीत उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं. कस्तुरीने फोनने त्याचा फोटो काढला आणि तो आपोआप संगणकावर आला. त्याखाली तिने भराभर नोंद टाइप केली.

“हिची हाकही टिपून ठेवूया,” ती म्हणाली. “मोठी झाली, की हिच्या पिल्लांना लागेल.”

“ही मादीच कशावरून?” ठकीने विचारलं.

“नर असला, तर त्याची टिपू. माळावर दोघंही हवेत.”

तिने फोन पिल्लाजवळ नेला आणि सगळ्यांकडे बघत ओठांवर बोट ठेवलं.