न चढणारी जोडवी

"जोडवी कुठायत तुझी?" चंद्राबाई कडाडल्या. "माझा ल्योक तिकडं सरहद्दीवर बंदूक घिऊन उभा, आन् तू मोकळ्या पायानं फिरतीस?"

विजयमाला उंबऱ्यात बसली होती. आडावरून एक घागर आणली, तेवढ्यानंच धाप लागलेली; सासूला उत्तर द्यायलाही श्वास उरला नव्हता... वयाच्या तेविसाव्या वर्षी! सोप्यात खाटेवर सासरे नानासो चार उशांना टेकून बसले होते. त्यांचं हृदय थकलंय, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्यांची अळणी आमटी वेगळी शिजे, घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. ते म्हातारे, म्हणून आजारी. आणि ती तरणीताठी, म्हणून आळशी! आडवं झालं की जीव गुदमरतो, म्हणून ती ज्वारीच्या पोत्याला टेकून झोपे; सासूबाईंनी आळीभर सांगितलं, सून रुसून बसते.

"देवापुढं ठेवल्यात," ती म्हणाली. "साबण लावून काढली. रगत आलं."

"पर काढलीस कशापायी?"

आणि वर्षभर गिळलेला संताप उसळून आला!

"पायात मावत न्हाईत म्हणून! मामंजींचं पाय रोज मीच चेपते, आत्याबाई. बोट दाबलं की खड्डा पडतो. तसाच माझ्या पायावर पडतोय! तीन म्हयनं सांगतीया. तुमी म्हणला, तरण्या पोरीला कसली धाप? आता मेल्यावर घालणार हाय का जोडवी?"

नानासो खाटेवरून उठले. भिंत धरत, धापा टाकत उंबऱ्याशी आले. सुनेच्या पायाला सासऱ्यानं हात लावायचा नसतो. त्यांनी बायकोचा हात ओढला आणि तिचाच अंगठा विजयमालेच्या घोट्यावर दाबला.

खड्डा पडला, आणि तसाच राहिला. दोन वर्षं चंद्राबाई नवऱ्याच्या पायावर तो बघून डोळे पुसत होत्या.

"उद्या मिरजेला माझ्याऐवजी ही जाईल!" नानासो गरजले. "पोरगी मरायला टेकली, आन् तू तिच्या पायातली चांदी हुडकतीस! आन् मी... मी हिच्याकडनंच पाय चेपून घेतलं!"

"चुकलं गं माझं, पोरी..." चंद्राबाईंना हुंदका आवरेना.

विजयमालेचा राग गेला नव्हता. इतक्यात कसा जाईल? "आत्ता रडताय व्हय!" ती म्हणाली.

चंद्राबाई उठल्या. देवापुढची जोडवी उचलून त्यांनी आपल्या पदराला गाठ मारून बांधली. "बरी हो. तवर माझ्याकडं ऱ्हातील. कुणी इचारलं तर मी हाय जाब द्यायला!"

नानासोंनी चारांतल्या दोन उशा तिच्या पाठीशी सारल्या. विजयमाला उशांना टेकली... आणि तिला पहिल्यांदाच रडू आलं.